मागची डावी बाजू

१

पूर्णेला स्टेशनच्या मागल्या अंगाला, कोळशाच्या वखारीला खेटून लिंबाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, सहा पत्रे, एक लिंबाचं झाड आणि आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. लिंबाजीचं घरही गॅरेजला लागूनच, त्याच अंगणात. बाहेरच्या भिंतीवर कुणीतरी नामांतराची घोषणा लिहून गेलं होतं, दुसऱ्या कुणीतरी तिच्यावर डांबर फासलं होतं, आणि लिंबाजीनं डांबरावर चुना मारून अक्षरं पुन्हा निळीनं गिरवली होती. गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना तेवढी खूण पुरायची.

लिंबाजीचं नाव होतं ते पाट्यांच्या कामात. मोटारीच्या चाकावर पोलादी पट्ट्यांचं जे धनुष्य असतं, गाडीचं सगळं ओझं पेलणारं, ते पाटे. लिंबाजीच्या हातचे पाटे बसले की रस्त्यात खड्डा होता हे ड्रायव्हरला दुसऱ्यानं सांगावं लागायचं, असं लोक म्हणत. पाटे नीट बसले की नाही हे बघायला तो पट्टी लावत नसे. टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत उजव्या हाताची बोटं आडवी घालायची. रिकाम्या गाडीला चार बोटं. त्या बाजूला एक माणूस बसला की तीन. दोन बसले की दोन.

समोरच्या चहावाल्या सितारामनं एकदा त्याची फजिती करायची ठरवली. लिंबाजी हात धुवायला गेला तेवढ्यात त्यानं एका गाडीच्या मागल्या सीटखाली भोपळा सरकवून ठेवला. लिंबाजी आला, बोटं घातली, काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "सिताराम, एक सूत कमी हाय. काय ठिवलंस आत, काढ." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. भोपळा तोलला तर तीन किलोला थोडा कमीच भरला. सिताराम हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि दर वेळी भोपळा थोडा लहान करायचा. शेवटी शेवटी तो कैरीएवढा झाला होता.

आता लिंबाजीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच झालं. पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. गाडी जॅकवर लटकत असताना त्यांचे नट आवळले तर रबर पिळून बसतं आणि महिन्याभरात फाटतं. म्हणून चाकं जमिनीला टेकवायची, ज्या बाजूचं काम त्या बाजूला माणूस बसवायचा आणि ओझ्याखालीच नट आवळायचे. लिंबाजी पोत्यावर उताणा होऊन गाडीखाली सरकायचा आणि खालूनच म्हणायचा, "बसा." जो कुणी हाताशी असेल तो मागच्या सीटवर जाऊन बसायचा. नट आवळून झाले की खालून आवाज यायचा, "उतरा." या दोन शब्दांच्या मधे कुणी हलायचं नाही. एकदा एक बागवान घाईघाईत मधेच उतरला, गाडी उसळली, पाना सटकला आणि लिंबाजीच्या डाव्या करंगळीचं पेर गेलं. तेव्हापासून सगळ्या पूर्णेला ठाऊक होतं, लिंबाजी उतरा म्हणेपर्यंत उतरायचं नाही. सिताराम एकदा जेवणवेळ टळून गेली तरी बसून राहिला होता; खाली लिंबाजीचा डोळा लागला होता.

२

व्यंकटराव वकिलांकडं एक काळी ऑस्टिन होती. सत्तेचाळीस सालची. हैदराबादच्या कुणा जहागीरदाराकडून त्यांच्या वडिलांनी घेतलेली. इंजिन अजून धडधाकट, पण मागचे पाटे पार बसलेले, त्यामुळं गाडी कायम उकिडवी बसल्यासारखी दिसायची. कंपनीचे पाटे आता विलायतेतसुद्धा मिळाले नसते. वकिलांनी तिच्यावर ताडपत्री टाकली होती आणि ताडपत्रीवर पाच वर्षं कबुतरांनी आपलं काम केलं होतं.

त्या गाडीची गरज वकिलांपेक्षा लिंबाजीला जास्त होती. त्याची एकुलती पोरगी पंचफुला पालमच्या पुढं चार मैलांवर दिली होती. आदल्या वर्षी सातव्या महिन्यात तिला बाळंतपणाला आणायला तो भाड्याची जीप घेऊन गेला होता. गंगाखेडच्या अलीकडं एका खड्ड्यात जीप आपटली. पंचफुलानं नुसता समोरच्या सीटचा दांडा धरला. पूर्णेला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ज्याच्या हातच्या पाट्यांना तालुक्यात तोड नाही त्याची नात, नाहीतर नातू, एका धक्क्यानं गेला. लोकांनी तोंडावर काही म्हटलं नाही. लिंबाजीनं मात्र त्यानंतर वर्षभर रस्त्यानं जाताना खड्डे मोजले.

आता पोरगी पुन्हा गरोदर होती. विहीणबाई सुलाबाईंनी निरोप धाडला तो असा, "पाव्हणे, या बारीला चांगली मोटार आणा, न्हाईतर पोरगी इथंच राहू द्या. ही बारी बी वाया गेली तर आमच्या पोराचं आमाला दुसरं बगावं लागंल."

लिंबाजी त्याच दिवशी वकिलांकडं गेला आणि म्हणाला की गाडी मी उभी करतो, मला एक दिवस पालमला न्यायला द्या. वकील म्हणाले, कर उभी अन् घेऊन जा, कबुतरांना तेवढं सांगून ठेव.

लिंबाजीनं नांदेडहून जीपचे पाटे आणले, बाजारातले, कंपनीचे नव्हे. लेथवर नवी भोकं पाडून घेतली. धक्के झेलणारे शॉकअप अँबेसेडरचे बसवले. बुश स्वतः कापले, लॉरीच्या जाड रबराचे. पाट्यांतल्या दोन पट्ट्या त्यानं मुद्दाम काढून ठेवल्या, म्हणजे गाडी मऊ चालेल. एवढ्या मायेनं त्यानं स्वतःचं घर बांधलं नव्हतं.

३

बुश आवळायचा दिवस आला तो नेमका परभणीच्या उरुसाचा. अख्खी गल्ली, लिंबाजीची बायकोसुद्धा, सकाळच्या गाडीनं परभणीला गेलेली. वखार बंद. सितारामनं चुलीवर पत्रा झाकलेला. दुपारचे दोन वाजले होते, लिंबावर एक होला घुमत होता आणि यार्डात कुठंतरी डबे जोडल्याचा एक आवाज होऊन सगळं पुन्हा गप्प झालं होतं.

उजवी बाजू त्यानं आदल्या दिवशीच सितारामला बसवून पुरी केली होती. राहिली होती डावी. उद्या सकाळी निघायचं होतं. लिंबाजीनं चाकं टेकवली, पोतं अंथरलं, पाना घेतला आणि गाडीखाली सरकला. डोक्यात सगळी पंचफुला होती. तिला उशी कुठली न्यायची, पाण्याची सुरई कुठं ठेवायची. पाना पहिल्या नटावर बसला आणि वीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"बसा."

गाडी बसली.

आधी सीटच्या आतल्या काथ्याचा उसासा आला. मग डावा पाटा वाकला, पोलाद पोलादावर सरकल्याचा तो ओळखीचा बारीक आवाज झाला, आणि लिंबाजीच्या छातीवरची लोखंडी पट्टी बोटभर खाली आली. लिंबाजीनं नट आवळला. दुसरा आवळला. हात आपलं काम जाणत होते. तिसरा आवळला. चौथ्या नटाला पाना लावला आणि त्याच्या ध्यानात आलं की आज गल्लीत कुणीच नाही.

तो तसाच पडून राहिला. मान वळवून बाहेर बघितलं. मागचं दार बंद होतं. दारापाशी पाय नव्हते. धुळीत त्याच्या स्वतःच्या चपलांचे ठसे होते, तेवढेच. दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज झाला होता का? आठवून बघितलं. नव्हता झाला.

चौथा नट त्यानं आवळला. अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. आता पुढचा शब्द म्हणायची वेळ होती. तो जिभेवर आलाही होता.

लिंबाजीच्या बापानं, सटवाजीनं, छप्पन्न साली दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले देव टोपलीत घालून नदीला पोचवले होते. लिंबाजी त्या घरात वाढला. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की हा म्हणायचा, याचं इंजिन गरम झालंय, पाणी मारा. देवऋषी दिसला की त्याच्याकडं पाना रोखून बघायचा. असा माणूस भर दुपारी रिकाम्या गाडीला "उतरा" म्हणणार? म्हणायचं कुणाला? तसं म्हणणं म्हणजे आत कुणीतरी आहे हे कबूल करणंच झालं.

तो शब्द गिळून बाहेर सरकला. गाडीत कुणी नव्हतं.

४

मग त्यानं फटीत बोटं घातली. उजवीकडं चार. डावीकडं तीन.

नवा माल आहे, बाजारातला आहे, एखादी पट्टी नरम निघाली असेल. त्यानं जॅक लावला, नट ढिले केले, डावा पाटा उजवीकडं आणि उजवा डावीकडं घातला. पाटा नरम असेल तर आता उजवी बाजू खाली जायला हवी. चाकं टेकवली. उजवीकडं चार. डावीकडं तीन.

शॉकअप बदलले. तीन. मागची सीट उचलून बाहेर लिंबाखाली ठेवली. खाली एक गंजका खिळा आणि कबुतराचं पीस निघालं. बोटं घातली. तीन.

जमीनच वाकडी असेल असं म्हणून त्यानं गाडी ढकलून उलटी उभी केली. ढकलताना तिला रिकाम्या गाडीपेक्षा जास्त जोर लागला, आणि हे कळायला त्याला बोटांची गरज नव्हती. डावीकडं तीनच.

उन्हं कलली तेव्हा त्यानं सीट परत आत बसवली. डाव्या बाजूच्या रेक्झिनवर एक खोलगा पडला होता, माणूस उठून गेल्यावर पडतो तसा. लिंबाजीनं तो हातानं थोपटून वर आणला. दार लावून पलीकडच्या काचेतून बघितलं. खोलगा जागच्या जागी होता.

चांगुणाबाईनं, बायकोनं, जेवताना विचारलं की गाडी झाली का. तो हो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "डावीकडं बोटभर बसायली."

"मंग एक बोट कमी तर कमी. पोरगी येती न्हवं त्याच्यात?"

दुसरी गाडी नव्हती. सुलाबाई दुसरा निरोप धाडणार नव्हत्या. आणि चांगुणाबाईला तो काय सांगणार होता? की मी बसा म्हणालो आणि कुणीतरी बसलं?

५

सकाळी तो निघाला. गाडी इतकी मऊ चालत होती की त्याला स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला आणि लगेच भीती वाटली. आरशात मागची सीट रिकामी दिसत होती. खड्डा आला की रिकाम्या गाडीचं मागचं अंग उडतं. हिचं उजवं अंग उडायचं आणि डावं नाही.

गंगाखेडचा पूल ओलांडल्यावर एक मोकळं रान आलं. ज्वारी काढून नेलेली, नुसती धसकटं. लिंबाजीनं गाडी थांबवली, उतरून मागं आला, डावं दार उघडलं. चारी बाजूंना बघितलं. मग खाली मान घालून पुटपुटला, "उतरा."

पाट्याचा आवाज आला नाही. तो जरा मोठ्यानं म्हणाला. बांधावरच्या शेळ्यांमागं उभी असलेली एक बाई म्हणाली, "कुणाला उतरवायलाव दादा?"

"मिजास लय हाय," लिंबाजी म्हणाला, "उतरायला तयार न्हाई." बाई हसली. तोही हसला. त्यानं बोटं घातली, तीन होती, आणि दार लावलं. दार लावताना त्याला वाटलं की आपण उशीर केला. काल, चौथ्या नटानंतर, त्या शब्दाची एक वेळ होती. ती गेली.

पंचफुला उंबऱ्यातच तयार बसली होती. सुलाबाईंनी गाडीला एक फेरी मारली, सीट दाबून बघितली आणि त्यांना ती पसंत पडली. लिंबाजी पोरीला म्हणाला पुढं बस. सुलाबाई म्हणाल्या, इंजिनाच्या ऊन वाफेवर कुठं बसवता तिला, मागंच बसू द्या. मग लिंबाजीनं तिला उजव्या बाजूला बसवलं, मधे उशी आणि गाठोडं रचलं, सुरई डावीकडं पायाशी ठेवली आणि बजावलं की हलायचं नाही.

ती बसल्यावर त्यानं बोटं घातली. उजवीकडं तीन. डावीकडं तीन. गाडी पहिल्यांदाच सरळ उभी होती.

गंगाखेड मागं पडल्यावर त्यानं आरशात बघितलं तर पंचफुला डावीकडं होती. गाठोडं उजवीकडं गेलेलं.

"तिकडं कामून गेलीस?"

"इकडं मऊ हाय बाबा."

त्यानं गाडी थांबवली, उतरून मागं आला. आधी फटीत बोटं घातली. एक माणूस आणि वर हे जे काय होतं ते, म्हणजे दोन बोटं हवी होती. तीन होती. उजवीकडं चार. म्हणजे पोरीचं वजन गाडीला लागतच नव्हतं, नाहीतर दुसरं लागत नव्हतं. उभ्या उन्हात तो पुन्हा पुन्हा बोटं घालत राहिला.

"सरक की पलीकडं, माय."

"र्‍हाऊ द्या न्हं. एक बी धक्का बसंना." ती अर्धवट झोपेत होती, मान किंचित मागं, जशी कुणाच्या तरी खांद्याला टेकलेली. "कुणीतरी मांडीवर घेऊन बसल्यावाणी वाटायलंय."

मागल्या वर्षीचा खड्डा पुढं दोन मैलांवर होता. लिंबाजी गाडीत बसला आणि त्यानं पोरीला हलवलं नाही. हे त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही, स्वतःला मात्र रोज सांगितलं. खड्डा आला. वर्षभरात तो आणखी मोठा झाला होता. ऑस्टिनची दोन्ही डावी चाकं त्यात गेली आणि वर आली. सुरईतलं पाणी हललं नाही.

६

पूर्णेला दारात चांगुणाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. लिंबाजी अशा गोष्टींवर नेहमी काहीतरी बोलायचा. त्या दिवशी तुकडा नीट फेकला गेला का ते त्यानं बघितलं.

पंचफुला दाराला धरून हळूच खाली पाय टेकवून उभी राहिली. तिच्या मागं पाट्याचा आवाज झाला, एकच, लांब. गाडी वर आली. लिंबाजीनं बोटं घातली. चार. पुन्हा घातली. पुरी चार, सुताचाही फरक नाही. सीटवरचा खोलगा भरून आला होता. चोवीस तासांत पहिल्यांदाच त्याच्या छातीत हवा गेली. तो मडगार्डला टेकून मूर्खासारखा हसला. सितारामनं समोरून विचारलं की काय मिस्त्री, लॉटरी लागली का.

पंचफुला अंगणात तीन पावलं चालली आणि थांबली. दोन्ही हात पोटाखाली धरले.

"बाबा," ती म्हणाली, "पोट लय जड लागायलंय. सकाळी असं नव्हतं."

७

पुढचे दोन महिने घरात सगळे आनंदात होते. पोरगी जड झाली, लेकरू बाळसेदार आहे, असं जो येईल तो म्हणायचा. ती काथ्याच्या बाजेवर बसली की बाज जमिनीपासून किती उरते हे लिंबाजी येता-जाता बघायचा. पंचफुला तशी काडीसारखी पोर. बाज मात्र दोघांना पेलत असल्यासारखी खाली यायची, आणि खोलगा जिथं ती बसली तिथंच पडायचा.

आता त्याला ठाऊक होतं की एकच शब्द म्हणायचा आहे. आणि तो शब्द आता जगात कुणीच म्हणायला नको होता. आठव्या महिन्यात, नवव्याच्या आरंभाला, पोरीच्या पोटाकडं बघून "उतरा" म्हणायचं? कोण उतरलं असतं? दोघांतलं कोण आधी?

तो शब्द त्यानं तोंडातून काढूनच टाकला. गाडीखालून "बसा" म्हणणंही सोडलं. गाड्यांचे नट लटकत्या चाकावरच आवळू लागला आणि बुश महिन्याभरात फाटून गिऱ्हाइकं भांडायला येऊ लागली. एकदा सिताराम आपल्या आपणच जुन्या सवयीनं एका जीपमधे जाऊन बसला आणि वाट बघत राहिला. लिंबाजी खालून चेसीवर पान्यानं ठकठक करत होता. सिताराम म्हणाला, "तोंडानं सांग की, मी काय इंजिन हाय?" लिंबाजी बाहेर आला, त्याचा दंड धरला आणि त्याला हातानं खाली काढला. सितारामनं त्या दिवशी चहाचा ग्लास त्याच्यापुढं ठेवला.

कुणाकडं जायचं? देवऋष्याला त्यानं स्वतः पाना दाखवला होता. डॉक्टरनं पंचफुलाला तपासून सगळं ठीक सांगितलं. वजन तेवढं जरा जास्त भरतंय, म्हणाला, काटाच बिघडलाय बहुतेक.

शेवटी तो बायनाबाईकडं गेला. बायनाबाई म्हणजे सुईण. स्टेशनमागल्या वस्तीतली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. बाळंतीण अडली की ती पोटातल्या लेकराशी बोलायची, त्याला अहो-जाहो करायची, पाहुण्यासारखं बोलवायची, आणि म्हणे ते ऐकायचं. लिंबाजीनं तिला विचारलं की बोलवताना तुमी काय म्हणता.

"काय म्हणायचं? उतरा आता मालक, म्हणायचं. तीस साल तेच म्हणायलेय."

"पंचफुलाच्या येळी ते म्हणू नका."

"मंग काय म्हणू, टिकट दाखवा म्हणू?" म्हातारी हसली. पण त्याच्या तोंडाकडं बघून तिचं हसू थांबलं. न्हाई म्हणत, ती म्हणाली. जा.

८

एप्रिलात एका सकाळी कळा सुरू झाल्या. वकिलांनी आपणहून ऑस्टिन आणून अंगणात लावली, दवाखान्यात न्यायची वेळ आलीच तर असावी म्हणून. किल्ली लिंबाजीच्या हातात दिली आणि ते समोर सितारामकडं जाऊन बसले. लिंबाजी गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी भुईवर टेकला. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं फटीत बोटं घातली. चार.

दुपार झाली. आतून बाज करकरायची आणि थांबायची. पंचफुला ओरडणारी पोर नव्हती. तिचा आवाज आला तेव्हा चुलीपाशी पाणी तापवणारी चांगुणाबाई भांडं टाकून आत धावली. बायनाबाई हळू आवाजात बोलत होती. या. या बरं. घाबरू नका. दिलेला शब्द पाळायला ती धडपडते आहे हे बाहेर कळत होतं. लिंबाजीनं दवाखान्यात नेऊ का म्हणून दोनदा विचारलं. आतून चांगुणाबाई म्हणाली, आता हलवता येत न्हाई, डोकं दिसायलंय.

मग लिंबावर होला घुमायला लागला.

आणि पंचफुलाची एक किंकाळी आली, आणि बायनाबाईला तीस वर्षांची सवय आवरली नाही.

"उतरा!"

बाजेचा काथ्या करकरला. एकदा, हलकं. लगेच दुसऱ्यांदा, जड.

लिंबाजी रडण्याची वाट बघत होता. लेकरू रडतं. आधी रडतं, मग बाया हसतात. त्यानं कान दिले. दाराचा पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला. बाहेर कुणी आलं नाही.

फटीत घातलेली बोटं त्यानं काढलीच नव्हती. मडगार्ड खाली आलं आणि बोटांवर टेकलं. त्यानं एक बोट ओढून घेतलं. तीन. सीटच्या आतून काथ्याचा उसासा आला.

मग ते आणखी खाली आलं. अगदी थोडं. दुसऱ्या कुणाला कळलंसुद्धा नसतं. तीन किलोला थोडं कमी.

चांगुणाबाई दारात येऊन उभी राहिली. "पंचफुला बरी हाय," ती म्हणाली, आणि पुढचं तिला सांगता आलं नाही. पदर तोंडात धरून ती उंबऱ्यावर बसली.

लिंबाजी उठला. त्यानं डावं दार सताड उघडलं. रिकाम्या सीटवर एक खोलगा होता आणि त्या खोलग्यात, मांडी असते तिथं, दुसरा एक, ओंजळीएवढा.

"उतरा," तो म्हणाला.

मग मोठ्यानं म्हणाला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. सिताराम आणि वकील धावत आले, त्यांनी त्याचे खांदे धरले, त्यांना वाटलं दुःखानं डोकं फिरलं. तो आधी हुकूम दिल्यासारखं म्हणत होता, मग विनवणी केल्यासारखं, मग ज्याला अजून नाव ठेवलं नव्हतं त्या एकट्यालाच उद्देशून म्हणत होता, उतर, तू तरी उतर. दिवस मावळेपर्यंत म्हणत होता. आवाज बसला तेव्हा तो पुन्हा चाकापाशी टेकला आणि फटीत बोटं घातली.

तीन. एक सूत कमी.